गुलाबी पत्रकाचा तिसरा परिच्छेद

एखाद्या माणसाच्या बाजूने लढायला उभं राहताना, त्या माणसाला तुम्ही कधी विचारलं आहे का, की तुझ्याबद्दल मी हे बोलू का?

मी विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या मावशीला मात्र विचारायची सवय होती. ती विचारायची जनावरांना. शेळी असो, म्हैस असो, कुणाचं बाजारातून नवं आणलेलं वासरू असो, ती कधी सरळ अंगाला हात लावायची नाही. सैल मुठीची मागची बाजू जनावराच्या नाकापुढे धरायची आणि थांबायची. त्याने वास घेतला, कान सैल सोडले, की मगच मानेखाली खाजवायची. घाई करणाऱ्याला तिचं एकच वाक्य असे: "आदी इचार की तिला."

एकदा पाटोद्याहून गुरांचे डॉक्टर आले आणि सुई घेऊन थेट म्हशीच्या मागे गेले. मावशी म्हणाली, "सायेब, आदी इचारा." साहेब हसले. पुढच्या क्षणी त्यांची बॅग पाण्याच्या हौदात होती आणि साहेब शेणात बसले होते. मावशीने त्यांना हात देऊन उठवलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "तिचा राग न्हाई तुमच्यावर. वळख न्हवती, इतकंच."

गावाच्या कडेला एका मोठ्या शेतकऱ्याचा गोठा होता. मावशी तिथे सकाळी शेण काढायची, झाडायची आणि दुपारी शेळ्या चारायला न्यायची. बदल्यात उरलेली भाकरी, तांब्याभर ताक, दिवाळीला जुनं लुगडं. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. कळपातल्या एका फुरंगटलेल्या शेळीला ती सूनबाई म्हणायची आणि बोकडाला पुढारी. "कावून म्हंजी? गावात समद्यांच्या म्होरं ऱ्हातो, आन् वढ्याला पाणी आलं की समद्यांच्या मागं."

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात लोखंडी पेटी होती आणि तिच्यात बाबांनी जपलेली पत्रकं. मेलेलं जनावर ओढणार नाही असं आजोबांच्या पिढीने जाहीर केलं, त्या वेळचं एक पिवळं पडलेलं पत्रकही त्यात होतं. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बीडला कॉलेजात गेले तेव्हा दप्तरात वह्या कमी आणि पत्रकं जास्त असायची. दुसऱ्या वर्षाला मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. स्टँडमागच्या छापखान्यात पांढरा कागद संपला होता, म्हणून ते गुलाबी कागदावर निघालं. शीर्षक होतं: 'पाटी खाली टाका!'

शिळ्या भाकरीवर जन्मभर गोठे साफ करून घेणं ही वेठ आहे, असं मी त्यात लिहिलं. ते खरं होतं, आजही खरं आहे. पण तिसऱ्या परिच्छेदात मला उदाहरण हवं होतं. मी लिहिलं: 'आमच्या गावातली ती माउली पाहा. डोक्यावर शेणाची पाटी, अंगाला गोठ्याचा वास, स्वतःच्या गुलामीची जाणीवही जिला उरलेली नाही.' नाव घातलं नव्हतं. गावात दुसरं कोणी तसं असतं तर त्याचा उपयोग झाला असता.

कॉलेजातल्या आमच्या मंडळाने ती पत्रकं पाटोद्यापासून लिंबागणेशपर्यंत वाटली आणि एक त्या गोठ्याच्या फाटकावर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या ओट्यावर आली. हातात गुलाबी कागद, वरच्या कोपऱ्याला अजून खळ लागलेली.

"मालकानं ह्ये काडून हातात दिलं. म्हन्ला, उद्यापासून येऊ नगं. काय लिवलंय बग बरं पोरी."

मी वाचून दाखवलं. सगळं. तिसरा परिच्छेदही, आणि तोही जोरात, कारण मला वाटत होतं की आता हिच्या डोळ्यांत ठिणगी पेटेल. मावशी ऐकत राहिली. मग पदराचं टोक नाकाशी नेऊन तिने वास घेतला.

"माज्या अंगाला वास येतो व्हय गं?"

मी म्हणाले, "तसं नाही मावशी, तो लिहिण्याचा भाग असतो."

"हां." तिने पदर खाली सोडला. "सूनबाई इणार हाय पंधरा दिसात. मालकाशी बोलले व्हते म्या. दोन करडं झाली तर एक माजं. त्ये वाढवायचं, त्याची पिल्लं वाढवायची, मंग कुनाच्या गोठ्याची पायरी चढायची न्हाई, असं ठरीवलं व्हतं."

"त्यांच्या करडाची भीक कशाला हवी आपल्याला?"

"भीक न्हाई बाई. पाच म्हईने पाला घातलाय तिला." आणि मग ज्या वाक्याने मी अजून दचकून उठते ते ती सहज बोलली, जणू वाटेत काहीतरी विसरलेलं आठवावं तसं. "मला इचारलं असतंस तर म्या म्हन्ले असते, पंधरा दिस थांब. मंग छाप."

सूनबाईला दोन करडं झाली. दोन्ही मालकाच्या गोठ्यात राहिली. मावशी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं की आपल्या पत्रकामुळे एका बाईने गोठा सोडला. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

संध्याकाळी कळप वस्तीवरून जायचा तेव्हा मावशी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात पुढे धरायची. सूनबाई रांग सोडून यायची, वास घ्यायची, आणि नवा गुराखी तिला हाकून न्यायचा.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जर्मनीला शिकायला गेले. एप्रिलच्या सुट्टीत फिरायचं होतं, हातात फारसं काही नव्हतं. एका मैत्रिणीने सांगितलं की पोर्तुगालमध्ये लहान शेतांवर राहता येतं. रोज पाच तास काम, बदल्यात एक खोली आणि दोन वेळचं जेवण. मी गेले. डोंगराच्या उतारावर दगडी घर, नऊ शेळ्या, एक गाढव, कोंबड्या आणि साठीची एक मालकीण.

मी तिथे सकाळी शेण काढत होते. एकचाकी गाड्यात भरून खताच्या ढिगावर नेत होते. गाड्यासोबत हसरा फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'श्रमाला प्रतिष्ठा.' शेकडो लोकांना तो आवडला. जेवणाच्या बदल्यात शेण काढण्याला चार वर्षांपूर्वी मी वेठ म्हणून छापलं होतं. इथे त्याच कामाला अनुभव म्हणत होते. फरक होता, आणि तो मी कुणाला पुसू देणार नाही: मला कंटाळा आला तर मी पिशवी उचलून निघणार होते, आणि माझी सासू त्या गोठ्यात जन्मभर वाकलेली नव्हती. पण फोटोखाली मी हाही फरक लिहिला नाही.

चौथ्या दिवशी एक शेळी व्याली. दोन पिल्लं झाली. एकाला ती चाटेना, जवळ आलं की ढुशी मारी. मालकीण तिची शिंगं धरून पिल्लाला बळंच पाजू बघत होती, शेळी लाथा झाडत होती. मी म्हणाले, तिला सोडा. गुडघ्यावर बसले, मुठीची मागची बाजू तिच्या नाकापुढे धरली आणि थांबले. मग मीठ मागितलं. पाण्यात कालवून पिल्लाच्या अंगावर, मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. शेळीने आधी नुसतं हुंगलं. मग जिभेने एकदा चाखलं. मग चाटत सुटली. दोनदा मीठ लावावं लागलं. दुपारी ते पिल्लू तिच्या कासेला होतं आणि शेपूट हलवत होतं.

मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

उत्तर सोपं होतं. लहानपणी मावशीच्या मागे मागे हिंडताना मी हे कितीदा पाहिलं होतं. पण तिच्याबद्दल सांगायला लागले असते तर पुढे माझ्याबद्दलही सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं."

डिसेंबरात घरी आले. आईने तो फोटो मावशीला आधीच दाखवला होता. मावशी पुन्हा त्याच ओट्यावर येऊन बसली, केस पांढरे झालेले.

"लई लांब जाऊन श्येन काडलंस गं!" ती खदखदून हसली. त्यात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नव्हता. असता तर बरं झालं असतं. "किती शेळ्या हायती त्या बाईच्या? पाला कशाचा? गाभन किती?"

मी त्या पिल्लाची गोष्ट सांगितली. ती पुढे सरकून बसली.

"आदी इचारलंस का तिला?"

"विचारलं. हात पुढे धरला, थांबले."

"मीठ बारीक का जाडं?"

"बारीक."

"जाडं बरं असतं. पाजलं का मंग?"

"पाजलं."

तिने मांडीवर थाप मारली. मग आवाज खाली आणून विचारलं, "माजं नाव सांगितलंस का त्या बाईला?"

मी म्हणाले, "सांगितलं."

"काय म्हन्ली?"

"म्हणाली, त्यांना एकदा इकडे घेऊन ये."

मावशीने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी नळावर ही बातमी फिरली. बायका तिला चिडवू लागल्या, "काय मावशी, परदेशी शेळ्या राखायला कवा जाताव?" आणि ती घागर कमरेवर घेत म्हणे, "पासपोर्टाला फोटू काडायचाय. बीडला जायाला लागतं म्हनं त्येच्यासाटी." पण जाताना तिची मान उंच असे. त्या माझ्या खोट्यावर ती आठवडाभर चालली. निघायच्या दिवशी खरं सांगायचं मी ठरवलं.

निघायच्या दिवशी ती आमच्या आधी फाट्यावर येऊन उभी होती. एसटी दिसू लागली होती. तिने माझ्या हातात एक पुडी दिली. "जाडं मीठ हाय. त्या बाईला दे. तिकडचं कसं असंल कुनाला ठावं."

पुडीचा कागद गुलाबी होता.

माझी नजर तिने पाहिली. "कागद तुजाच हाय. लई दिस जपला. छापल्यालं टाकू वाटंना."

एसटी थांबली. कंडक्टर ओरडला. मी चढले. खरं सांगितलं नाही.

मार्चमध्ये आईचा फोन आला की मावशी गेली. दोन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त.

पुडी माझ्या टेबलावर आहे. मीठ ओल धरून कागदाला चिकटलं आहे. त्या शेतावरच्या मालकिणीला मी पत्र लिहिलं, ते पुस्तकातलं नव्हतं, एका बाईचं होतं, असं. तिने उत्तरात त्या बाईचं नाव विचारलं. ते मी तिला कळवलं, कारण मावशीला ते तिथे पोचायला हवं होतं. इथे मात्र छापत नाही. छापू का, हे तिला विचारायचं राहून गेलं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. ते गुलाबी पत्रक पाटोदा ते लिंबागणेश कुणाच्या पेटीत, कपाटाच्या फळीवर, वहीच्या कव्हराला उरलेलं असेल. सापडलं तर फाडू नका. बाकीचं सगळं खरं आहे, ते वाचा, वाचून दाखवा. फक्त पेन घेऊन तिसऱ्या परिच्छेदावर रेघ मारा, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत ठळक अक्षरात लिहा: हिला विचारलं नव्हतं.