पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

आमच्या प्रयोगशाळेत एनएमआरच्या यंत्राभोवती जमिनीवर एक पिवळी पट्टी आखलेली होती. रेणूची रचना दाखवणाऱ्या त्या यंत्रात फार ताकदीचं चुंबक असतं, म्हणून पेसमेकर असलेल्या माणसानं पट्टी ओलांडायची नाही. हे यंत्र विभागात यावं म्हणून आमच्या सरांनी वर्षानुवर्षं खेटे घातले होते. यंत्र आलं, आणि त्याच हिवाळ्यात सरांना पेसमेकर बसवावा लागला.

यंत्रातून निघणारे आलेख वाचायला त्यांनीच मला शिकवलं, पट्टीच्या अलीकडे खुर्ची टाकून. मी आत नमुना ठेवायची आणि कागद त्यांच्याकडे आणायची.

"हे शिखर का फुटलंय, सांग."

"शेजारी हायड्रोजन आहेत म्हणून, सर."

"बरोबर. एकटं असतं तर सरळ उभं राहिलं असतं."

बोलताना त्यांची नजर कागदावर नसे, यंत्रावर असे. जन्मभर मागितलेली गोष्ट चार पावलांवर येऊन उभी राहावी आणि ती चार पावलंच आपली नसावीत, हे रोज बघणं मला जड जाई.

निवृत्तीच्या दिवशी सर म्हणाले, "माझ्या वतीनं एकदा हात लावून ये."

मी आत गेले आणि यंत्राच्या पोलादी पिंपावर तळवा टेकवला.

"कसं लागतंय?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"काही विशेष नाही, सर. साध्या भांड्यासारखंच."

"एवढंच?"

मी हो म्हटलं. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते निरोपाच्या सभेला गेले.