तक्रार नंबर एकशे सतरा

पाशा मिस्त्रीची पोरगी समिना आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर लागली, ते साल नव्याण्णव. मी गीताबाई, त्याच खोलीत फायली सांभाळायची. आमचे साहेब महारुद्रअप्पा. पुण्याहून तीन महिन्यांचा कोर्स करून आले अन् तेव्हापासून खोलीत कुणाला चप्पल घालून येऊ देईनात. काय ती ऐट! एक अक्षर हुडकेपर्यंत ह्यांचा चहा गार व्हायचा. सही मात्र अशी झोकदार, की अर्धं पान खायची.

पाशाभाईचं केजला जीपचं गॅरेज. गाडी खोलली की काढलेल्या प्रत्येक पार्टला तो सुतळीनं चिठ्ठी बांधायचा, कुणाच्या कुठल्या तक्रारीवरून काढला ते लिहून. पोरीनं तीच खोड कॉम्प्युटरवर आणली. ऊसतोडीच्या यादीचा प्रोग्रॅम तिच्याकडं होता. तक्रार आली की ती आधी रजिस्टरात लिहायला लावायची, सही घ्यायची, मग प्रोग्रॅममधली जी ओळ बदलली तिच्या शेजारी त्या तक्रारीचा नंबर टाकायची.

साहेब फिदीफिदी हसायचे. "गॅरेज हाय का हे? तुझ्या आकड्यांनी प्रोग्रॅम जड हुतोय."

जड होतोय म्हणे! कपाळ तुमचं.

तोड लागणीच्या तारखेप्रमाणं व्हायची, आधी लावला त्याचा ऊस आधी, असा नियम. एक दिवस रामहरी नावाचा ऊसवाला आणखी वीस-पंचवीस शेतकरी घेऊन थेट एमडी साहेबांच्या केबिनमध्ये घुसला. ह्यांचा चौदा महिन्यांचा ऊस उभा वाळत होता, अन् मागून लागण केलेल्या एका गावाची तोड उरकलीसुद्धा होती. आम्हा तिघांना आत बोलावलं. महारुद्रअप्पांनी लगेच बोट दाखवलं.

"ह्या पोरीनं प्रोग्रॅम बिघडवला. आजच्या आज काढून टाका हिला."

समिनाचा चेहरा पांढराफटक पडला. पाशाभाईचा हात त्याच साली जॅकखाली चेंगरला होता, घर तिच्याच पगारावर चालायचं. माझं तर डोकंच फिरलं. पण पोरगी रडली न्हाई. जाऊन प्रोग्रॅमची प्रिंट काढून आणली अन् रजिस्टरासकट एमडी साहेबांपुढं ठेवली.

"सर, ते गाव वर घेतलं ती ओळ ही. शेजारी एकशे सतरा हाय. आता रजिस्टरात एकशे सतरा बघा."

तिथं लिहिलं होतं, सदर गावच्या तारखा चुकीच्या असून गाव यादीत वर घ्यावे. खाली अर्धं पान खाणारी सही. मेल्याला ते नंबर नुसती नक्षी वाटलेली! त्यावरून कुणी रजिस्टर उघडून बघेल, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

रामहरीनं गावाचं नाव मोठ्यानं वाचलं. "अवं, ही तर तुमची सासुरवाडी की वो साहेब!"

समिनाची नोकरी राहिली. महारुद्रअप्पांना मात्र नुसती पंधरा दिवसांची सक्तीची रजा, अन् परत तीच खुर्ची. थू असल्या न्यायावर!

रजेवरून आले त्या दिवशीच ते समिनाच्या टेबलाशी घुटमळले. "मेव्हण्याचं तेवढं एक नाव वर घे. तोंडीच हाय, लिहायचं कावून?"

समिनानं रजिस्टरात एकशे एकतीस नंबर टाकला अन् ते पुढं सरकवलं. "लिहा साहेब. सही बी करा."

साहेबांनी पेन उघडलं. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, टोपण लावलं अन् निघून गेले. एकशे एकतीस नंबर अजून कोराच हाय.