दोन वेळची धार

त्या पावण्याचं नाव म्हाईत न्हाय, पण अजून जळतोय मी त्याच्यावर! नवी नोकरी लागली म्हणून म्हातारपणासाठी खातं काढायला कोल्हापूरच्या पोस्टात गेलतो. माझ्यापुढं हा उभा, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, शेजारी बायको. जन्मभर म्हशी राखून आत्ता कुठं डेअरीत पगारावर लागलोय, असं सगळ्या रांगेला मोठ्यानं सांगत हुता.

कारकून वैतागला, "आवो, सकाळी भरलेलं पैसं दुपारी काढताय?"

"म्हस घेताना दोन्ही वेळची धार काढून बघतो की आमी! तुमचं पोस्टबी देतंय का बघितलं. आता पंधरा वर्सांचं खातं काढा."

"मामा, या वयात? पाच वर्सांचं घ्या."

बायकोच मधी बोलली, "पंधराचंच काढा. मी ह्यास्नी एवढ्यात सोडत न्हाय!"

गडी असला लाजला, मिशीवरनं उगंच हात फिरवत ऱ्हायला. तिथंच जळलो मी! पंधरा वर्सांनी शेजारी कोण असणार, हे त्याला पक्कं ठाऊक हुतं.

माझी पाळी आली. कारकुनानं विचारलं, "वारस म्हणून कुणाचं नाव घालू?"

"आईचं," मी म्हटलं, आणि भांडत भांडत पायऱ्या उतरणाऱ्या त्या दोघांकडं बघत ऱ्हायलो.