'मळी' नावाचा रॉक बॅन्ड

ज्या बॅन्डची गाणी कोणाला आठवत नाहीत, त्याचे किस्से मात्र फार होतात. आमचं तसंच झालं. गाणी वाजवायला जायचो आणि दरवेळी एक किस्सा घेऊन परत यायचो. श्रीरामपुरात चहाला बसलं की लोक अजून म्हणतात, "सर, तो डुकरांचा सांगा ना!" गाणं वाजवा, असं अजून एकजणही म्हणालेला नाही.

बॅन्ड तिघांचा. सॅमसन गिटार वाजवायचा आणि गायचा. पोटासाठी कुरियरच्या ऑफिसात. दत्तू ड्रमवर, पुणतांब्याचा, घरचा ऊस आणि कांदा. मी बेस गिटारवर. शाळेत गणित शिकवतो. नाव ठेवलं 'मळी'. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जे काळं, चिकट, वासाचं मागं राहतं ना, ते. सॅमसनचं म्हणणं, रॉक अँड रोल म्हणजे दुसरं काय असतं?

आम्हाला एवढंच हवं होतं की आम्ही केलेलं एक तरी गाणं लोकांनी शेवटपर्यंत ऐकावं. ते काही होईना. मग सॅमसन म्हणायचा, "बंद करू या." आणि दत्तू म्हणायचा, "मी हाय तवर न्हाई." असं करत करत तिघांचेही केस पिकले.

*

सॅमसननं कुठंतरी वाचलं होतं की अमेरिकेत सुरुवातीला या संगीताला धर्मगुरूंनी सैतानाचं संगीत ठरवलं, आईबापांनी पोरांच्या तबकड्या फोडल्या, आणि त्यामुळंच ते वणव्यासारखं पसरलं. सॅमसन खूश! म्हणाला, "आपल्याला फक्त एक बंदी पाहिजे."

मग आम्ही मुद्दाम चर्चच्या आवारात वाजवलं. होता नव्हता तेवढा आवाज सोडला. पाळकसाहेब बाहेर आले. खुर्ची मागवली. सगळं गाणं डोळे मिटून ऐकलं (म्हणजे आम्हाला तसं वाटलं, नंतर कळलं की त्यांना डुलकी लागली होती). संपल्यावर उठले आणि सॅमसनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान हाय. नाताळच्या फेरीला तुमाला ट्रॅक्टरवर बसवू."

सॅमसन घरी जाऊन रडला. खोटं नाही सांगत.

*

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एकदा ठरलेले वक्ते आलेच नाहीत, म्हणून मला उभं केलं. विषय माझा मीच घेतला, रॉक अँड रोलचा इतिहास. समोर सगळी बागायतदार मंडळी.

मी जीव तोडून बोललो. कापसाच्या रानात राबणारी काळी माणसं, कष्ट सोसवेनात म्हणून त्यांनी गळ्यातून काढलेला सूर, त्यात मिसळलेली चर्चमधली गाणी, मग विजेची गिटार, मग गोऱ्या घरांतली पोरं त्यावर नाचायला लागली, केस वाढवायला लागली, बापाला उलट बोलायला लागली. सभागृह एकदम शांत. मला वाटलं, पोचलं!

मागून एक फेटेवाले बाबा उठले. "सर, येक सांगा. कापूस वेचनीला मानसं मिळायची व्हय तिकडं?"

मी म्हटलं, "बाबा, मिळायची काय, गुलाम होते ते."

"तरीच!" म्हणाले आणि खाली बसले.

आभार मानणाऱ्यानं तर कहर केला. "सरांनी कापसाच्या प्रश्नावर मोलाचं मार्गदर्शन केलं," म्हणाला. टाळ्या झाल्या. मला नारळ मिळाला.

*

कोपरगावला एक हळद होती. नवरदेव पुण्यात आयटीत, त्याची हौस की आपल्या हळदीला लाइव्ह रॉक पाहिजे. आम्ही हरखून गेलो. आमचंच गाणं सुरू केलं. त्यात सॅमसनची गिटार मुद्दाम फाटक्या, खरखरीत आवाजात वाजते. त्यासाठी पायाशी एक छोटी डबी असते, तिच्यावर पाय दिला की आवाज फाटतो. सगळा जीव त्या फाटण्यात!

पहिलं कडवं व्हायच्या आत नवरदेवाचे मामा धावत स्टेजवर. "थांबा, थांबा! पेटी फाटली!" पेटी म्हणजे स्पीकर. सॅमसन सांगतोय की आवाज असाच आहे. मामा म्हणतात, "लाजू नका, व्हतं असं." मंडपवाल्याचा वायरमन आला. त्यानं वायरी तपासल्या, मधली ती डबी काढून बाजूला ठेवली, गिटार थेट पेटीला जोडली आणि तारेला बोट लावलं. टणकन स्वच्छ आवाज!

सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. वायरमननं हात जोडून त्या घेतल्या. आमच्या वीस-बावीस वर्षांत इतक्या मनापासून टाळ्या दुसऱ्या कोणाला पडल्या नाहीत.

*

आम्ही बॅन्डचे टी-शर्ट छापले होते. लांब बाह्यांचे, काळे, छातीवर पांढऱ्या अक्षरांत 'मळी'. कोणी घेतले नाहीत. शेवटी दत्तूच्या आईनं गठ्ठा उचलला आणि कांदा खुरपायला येणाऱ्या बायकांना वाटून टाकला. आमच्याकडं उन्हापासून हात वाचवायला बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतातच.

एका सकाळी मी पुणतांब्याला गेलो तर वाफ्यात ओळीनं बायका वाकलेल्या आणि प्रत्येकीच्या अंगात आमचा बॅन्ड! मला भरून आलं. म्हटलं, "मावशी, आवडला का?"

मावशींनी मान वर केली. "कापड बरं हाय. पन काळं कशाला केलं? ऊन खातंय ना."

*

आता डुकरांचा.

आमची प्रॅक्टिस रात्रीची, दत्तूच्या वस्तीवर, रिकाम्या कांदाचाळीत. दत्तूचे वडील आप्पा, त्यांनी कधी आमच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. एका वर्षी मात्र स्वतः चहा घेऊन आले. "रोज वाजवत जा पोरांनो. रानडुकरं मक्यात यायची बंद झाली."

तो आमचा सुवर्णकाळ. रोज चहा, कधी भजी. दत्तू असा ड्रम बडवायचा की गोदावरीपलीकडं ऐकू जावा. पुढच्या वर्षी कणसं भरली, आम्ही उत्साहानं सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा आले. चहा नव्हता. "उचला सामान. चाळीत कांदा भरायचाय."

दत्तू म्हणाला, "आन् डुकरं?"

"रात्री सगळा मका लोळवला. तुमचं चालू असतानाच खात हुती. आता डुकरांना पन तुमचं काय वाटंना!"

दत्तूनं ड्रम गोठ्यात नेऊन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा तो "मी हाय तवर न्हाई" म्हणाला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि सॅमसननंही बॅन्ड बंद करायचा विषय काढला नाही.

*

मागच्या गळीत हंगामात दत्तू गेला. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही. मोटरसायकल सरळ आत.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर सगळं गाव. आपल्यात पिंडाला कावळा शिवेपर्यंत गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय म्हणतात, म्हणून घरचे एकेक शब्द देत जातात. समोर कडुलिंबावर कावळा बसलेला, पण खाली येईना. आप्पांनी हात जोडले. "पोरांचं शिक्षण करतो रं." कावळा ढिम्म. बायको म्हणाली, "आईआप्पांना अंतर देनार न्हाई." तरी नाही. भाऊ म्हणाला, "वाटनी मागनार न्हाई." ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

मग आप्पाच वळले. ज्यांनी आम्हाला चाळीतून काढलं, तेच! "आरं, बॅन्डवाले कुठंयत? त्याचा जीव तुमच्यातच आडकलाय. बोला की!"

लोकांनी आम्हाला पुढं ढकललं. मी म्हणालो, "दत्तू, बॅन्ड चालू ठेवतो. तुझी शपथ." कावळ्यानं पाठ फिरवली. सॅमसन म्हणाला, "दत्तू, आपलं गाणं लोकांसमोर वाजवतोच बघ. शेवटपर्यंत वाजवतो." कावळा चोच पुसत बसला. मी पुन्हा म्हणालो, सॅमसन पुन्हा म्हणाला. सगळा घाट आमच्याकडं बघत होता. इतकी माणसं आमच्यासमोर कधीच उभी राहिली नव्हती.

शेवटी सॅमसनचा बांध फुटला. रडत रडत तो कडुलिंबाकडं हात करून ओरडला, "मग काय करू? बंद करू का बॅन्ड? जा, केला बंद!"

त्याचा हात खाली यायच्या आत कावळा पिंडाला शिवला.