होडीला बांधलेलं छत

होडी हलली. आधी मला वाटलं मलाच चक्कर आली, कडेवर पिहू, डोक्यावर ऊन, पण नाही, होडीच हलत होती. मगाशी चिखलात आडवी पडलेली ती आता सरळ उभी राहून डुलत होती, आणि तिला बांधलेला माझा दोर ताणून तारेसारखा झालेला. दोराचं दुसरं टोक गाडीच्या कापडी छताला. लाट आली की होडी मागे जायची, छताचा दांडा कर्रकन वाजायचा आणि एवढी मोठी गाडी जागच्या जागी हलायची. गाडी आमची नाही, महेशच्या शेठची. महेश म्हणजे माझा नवरा, तो चादरी आणायला गेलेला. त्याची नोकरी त्या छताला लटकलेली आणि मी एका हाताने दांडा धरून "थांब ना, थांब" करून ओरडत होती. कोणाला? होडीला!

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल लालबागच्या चाळीतली बाई कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या बांधायला कशाला गेली.

महेश कॅम्परव्हॅन चालवतो. म्हणजे चाकांवरचं घरच ते, आत पलंग, ओटा, बेसिन, छोटा फ्रीज, आणि बाहेरून एका बाजूला गुंडाळलेलं कापडी छत. हँडल फिरवलं की छत बाहेर येतं, खाली दोन पाय लावायचे, झाली सावली. त्याला महेश ऑनिंग बोलतो. लोकं ही गाडी घेऊन कुटुंबासोबत फिरायला जातात आणि महेश त्यांचा ड्रायव्हर. त्याच्याआधी कितीतरी महिने तो घरी बसून होता, खिडकीकडे तोंड करून, त्यामुळे हे काम मिळालं तेव्हा सगळी चाळ खूश झाली, मीपण. मग तो पहिल्यांदा गेला तो कोकणातून गोव्याला, तिथून खाली अजून कुठे कुठे, आणि परत आला तेव्हा पिहू त्याला बघून रडायला लागली. ओळखलंच नाही बापाला. तो हसत बोलला, "दाढी वाढलीय म्हणून गं." दाढी करून आला तरी रडली.

तो मला फोटो पाठवायचा. समुद्र, छत, छताखाली खुर्च्या, खुर्च्यांवर ती माणसं चहा पितायत. मी फोटो मोठा करून करून बघायची. महेश कुठेच नसायचा, कारण फोटो तोच काढायचा. मला त्या खुर्चीत बसायचं होतं, समुद्रासमोर, आम्ही तिघांनी. बस, बाकी काही नाही.

तर गाडी सर्व्हिसिंगवरून आली आणि शेठ त्याला बोलला, उद्या दिवसभर फिरवून बघ, घरच्यांना घेऊन जा पाहिजे तर, सगळं चालतंय का बघ, परवा पार्टी निघतेय. महेशने मला हे सांगितलं तेव्हा मी पिठाचा हात तसाच त्याच्या शर्टाला लावला.

सकाळी तो प्रभादेवीहून गाडी घेऊन आला. आमच्या गल्लीत ती शिरणं शक्यच नाही, मेन रोडला उभी केली. सासूबाई मालवणकडच्या, त्यांनी गॅलरीतूनच चालू केलं, "चेडवाक गाडयेत झोप येतली काय? झोळी घेवन जा गो!" झोळी घेतली, तिचे दोन नायलॉनचे दोर घेतले, पिहूचं टोपडं, नाचणीची पेज, डायपर, असं सामान की शेजारची सुवर्णा बोलली, "काय गं, माहेरी चाललीस काय कायमची?"

पहिले हिंदमाताला. शेठने गाडीच्या पडद्यांचं कापड एका दुकानात शिवायला टाकलेलं, ते घ्यायचं होतं. महेश दुकानात गेला आणि मी आत खिडकीशी बसली तर एक मावशी पिशवी सांभाळत दारातच येऊन उभी.

"रक्तदान हितंच काय गं?"

"नाही मावशी, हे घर आहे."

"घर? नो पार्किंगमध्ये?"

"आमच्या घरापेक्षा मोठं आहे," मी बोलली, आणि ती पण हसली, मी पण. खोटं थोडीच होतं.

तिथून सरळ खाली, परेल, भायखळा, मग गिरगाव. मी उंचावर बसलेली, बसमधल्या लोकांच्या बरोबरीने. रोजचेच रस्ते, पण वरून बघितलं की वेगळेच वाटतात, झाडांच्या आतले पक्षी दिसतात, दुकानांच्या वरची घरं दिसतात, कोणाकोणाच्या खिडकीतली लोणच्याची बरणी दिसते. महेश चालवता चालवता बोलत होता, इकडे घाट लागला असता तर दुसरा गियर, तिकडे असं, आणि मी त्याच्या हाताकडे बघत होती. घरी मी त्याला अहो बोलते सगळ्यांसमोर. गाडीत अरे महेश, अरे महेश चाललेलं माझं, तोंड भरून.

गिरगावात कोथिंबीर वडी आणि पियूष (श्रीखंडासारखं, पण प्यायचं) पार्सल आणलं आणि गाडीतल्या टेबलावर मांडून खाल्लं. वडी संपायच्या आत एक आजोबा काठी टेकत आले.

"डोळे तपासणी किती वाजेपर्यंत आहे?"

महेश बोलला, "काका, डोळ्यांची गाडी नाही ही, बाहेर लिहिलंय बघा."

"अरे, ते वाचता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो!"

महेशला ठसका लागला, पियूष नाकातून बाहेर. पिहू बापाचं ते तोंड बघून खदखदून हसली. तो परत आल्यापासून त्याच्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली. तो परत मुद्दाम खोटं खोटं ठसकला, ती परत हसली. असं तो मरीन ड्राइव्हभर ठसकत आला.

मच्छीमार नगर आलं ते नाकाला आधी कळलं. एका बाजूला कफ परेडच्या त्या उंच उंच बिल्डिंगी, मान दुखेल एवढ्या, आणि त्यांच्या पायाशी कोळ्यांची घरं, जाळी, निळी प्लास्टिकची पिंपं, वलांड्यांवर (बांबूच्या उभ्या-आडव्या मांडणीवर) वाळत घातलेले बोंबील, तोंडात तोंड अडकवून. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, जवळ नुसता चिखल, त्यात होड्या कुशीवर झोपल्यासारख्या. कडेला मोकळी जागा होती, तिथे एक कोळीण मावशी पाट टाकून सुकी मासळी निवडत बसलेली. महेशने तिला विचारलं, "मावशी, थोडा वेळ गाडी लावू का?"

"लाव. पन माझे बोंबलांवर सावली पारशील तर बघ."

म्हणून छत समुद्राच्या बाजूला उघडलं. हँडल फिरवलं, पाय लावले, दोन खुर्च्या टाकल्या. आणि मी बसली. काय सांगू तुम्हाला. वारा, छताची फडफड, पिहू महेशच्या मांडीवर, त्याच्या शर्टाचं बटण चोखतेय. मी बोलली, फोटो काढ. तो बोलला, थांब, ह्या वेळी मी पण येतो फोटोत, आणि फोन कुठे टेकवायचा बघायला लागला, तेवढ्यात तोच फोन वाजला. शेठ. कुलाब्यात लाँड्रीत चादरी टाकल्यात, जवळच आहेस तर उचल. गाडी पार्किंगमधून काढत बसू नको, टॅक्सीने जा.

जाताना महेश मला बोलला, "वारा वाढला की हे हँडल उलटं फिरव, छत आत घे. सोप्पं आहे. घेशील ना?"

"हो रे, जा तू."

वारा वाढला. छत वर उचलायला लागलं, पाय जमिनीवर नाचायला लागले. मी हँडलला हात घातला सुद्धा. पण माझ्या मनात आलं, छत एकदा आत गेलं की महेश येईल आणि बोलेल, चल, झालं, निघू या. आत्ताच तर बसलेलो. फोटो पण नाही झाला. आणि आमच्या चाळीत गॅलरीला पावसाळ्याचं प्लास्टिक बांधतात, ते वारा आला म्हणून कोणी सोडत नाही, उलटं अजून ताणून बांधतात, माझे वडील खुर्चीवर चढून चारी कोपरे असे आवळायचे की वाजवलं तर ढोल वाजावा. मी झोळीचे दोर काढले. एक बांधला वलांडीच्या खांबाला. दुसऱ्याला जवळपास काहीच नव्हतं, फक्त कडेला लागून ती होडी. केवढी जड, चिखलात रुतलेली. चार माणसं लावली तरी हलणार नाही, असं मला वाटलं. बांधला की तिच्या पुढच्या कडीला, सासूबाई मारतात तशा दोन गाठी. छत एकदम गप्प झालं. मी पिहूला पेज भरवली, तिला मांडीवर थोपटलं, माझा पण डोळा लागला बसल्या बसल्या.

पाणी परत येतं हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. पण ते असं आवाज न करता येतं, पायाशी, आणि एवढी होडी उचलून उभी करतं, हे कुठे बघितलेलं मी?

मग ते झालं, जे वर सांगितलं. मी ओरडली तशी मावशी पाटावरून उठून आली.

"गो बाय! आमचे होडीला कोनी बांधलंय यो? भरती आयली, दिसत नाय?"

"मावशी, सोडा ना, सोडा!"

"गाठ आवळलीय. कापू?"

"नको! कापला तर छत उडेल वर, दांडा तुटेल, गाडी लोकांची आहे!"

"मंग काय होडीला सांगू, घरा चल?" तिने मागे वळून हाक मारली, "गो पारू! इकरे ये, जड मानूस पायजे!"

तिची जाऊ आली, तिच्याहून दुप्पट. दोघींनी छताच्या पुढच्या दांड्याला लोंबकळायचं ठरवलं, मावशी एका टोकाला, पारू दुसऱ्या. पारू बोलली, "डॉक्टर बोलतो वजन कमी कर, आता सांगते त्याला." मी मासळीच्या सुरीने दोर कापला आणि होडी सुटली तशी छताने अशी उसळी मारली की मावशीचे पाय जमिनीवरून उचलले गेले. "आयो!" ती ओरडली, पण सोडलं नाही. मी एका हाताने पिहू, एका हाताने हँडल, फिरवतेय, फिरवतेय, त्या दोघी दांड्याला धरून एकेक पाऊल पुढे येतायत, पिहू किंचाळतेय, आणि वलांडीकडचा दोर मी विसरली होती. तिकडून कापड टर्रकन फाटलं आणि छताचा एक आडवा दांडा वाकला. दहा-वीस बोंबील पण पडले खाली. मावशी त्यांच्याकडे बघून बोलली, "सावली नको बोलले, तर ही वादळच घेऊन आली."

छत आत गेलं, पण वाकडं.

महेश चादरींचं गाठोडं खांद्यावर घेऊन आला तेव्हा मी बोंबील उचलत होती आणि रडत होती. त्याने छत बघितलं, दोर बघितला, होडी बघितली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बोलला, "तुला लागलं नाही ना? पिहूला?" मग गाडी चालू करून बोलला, "शेठला मी सांगतो, माझ्याकडून उघडं राहिलं. तू काही बोलू नको."

"का?"

"बायकोने केलं बोललो तर परत घरच्यांना पाठवणार नाही तो गाडीत."

परत येताना कोणी ठसकलं नाही. प्रभादेवीला गाडी लावली आणि महेशने ठरवलेलं तेच सांगितलं. शेठ आमच्याच वयाचा, हाफ पँटीत, त्याने खाली वाकून, वर चढून, सगळं बघितलं. मग सावकाश बोलला, "महेश, गाडी ठोकलीस तर मी समजू शकतो. पण उघडं ऑनिंग सोडून ड्रायव्हर निघून गेला, हे मला चालत नाही. पार्टीची पोरं असती खाली तर? उद्या मी दुसऱ्याला पाठवतो. पुढचं मग बघू."

महेश मान खाली घालून हो बोलला.

आणि मला, खरं सांगते, मला काय दिसलं माहितेय? महेश घरी. संध्याकाळी गॅलरीत, पिहू खांद्यावर. सासूबाईंशी भांडतोय, टीव्हीचा रिमोट शोधतोय. पिहू त्याला बघून हसतेय, रोज. त्यासाठी मला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायला तर त्यानेच सांगितलेलं. पण मला ते पण दिसलं, खिडकीकडे तोंड करून बसलेली त्याची पाठ, ते सगळे महिने, आणि तेव्हा तो घरात असून मी त्याची वाट बघत असायची.

मी बोलली, "सर, त्याने मला गुंडाळायला सांगितलेलं. मीच बांधलं. होडीला."

"कशाला?"

"होडीला."

शेठ हसायला लागला, हसतच राहिला, आणि महेशला बोलला, "उद्या सकाळी सहाला ये. ऑनिंग काढून टाकतो, छत्र्या घेऊन जा." मग माझ्याकडे न बघता हळूच, "पण वहिनींना परत गाडीत नको, प्लीज."

आज तो कुठेतरी कर्नाटकात आहे. काल फोटो पाठवला, वाळूत दोन मोठ्या छत्र्या, खाली त्या पार्टीची पोरं पाय पसरून झोपलेली. मी पिहूला दाखवला, ती स्क्रीनला हात लावून बापाला शोधत होती. त्याला यायला अजून खूप दिवस आहेत आणि तोपर्यंत ती परत विसरेल, मला माहितेय.

तुम्ही तिथे असता, पोर कडेवर आणि नवरा समोर मान खाली घालून उभा, तर बोलला असतात? की गप्प बसून त्याला घरी घेऊन आला असतात?