अकराशे पानांचं दुकान

माझ्या साडूंइतका माणसांचा सोस असलेला गृहस्थ अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंनी त्याला आधीच जेवायला बोलावून ठेवलेलं असेल. मुलीच्या लग्नात त्यांनी पत्रिका छापली ती चार घड्यांची. आमच्याकडे पत्रिकेत नाव राहिलं की माणूस लग्नाला तर येत नाहीच, वर दहा वर्षं तोंड फिरवून जातो. म्हणून साडूंनी चुलत, मावस, आते सगळे घातलेच, शिवाय बोदवडचा दूधवाला आणि भुसावळच्या फलाटावर एकदाच भेटलेले वरणगावचे दोन गृहस्थही 'आपले नम्र'मध्ये बसवले. त्या गर्दीत नवरीचं नाव शोधायला मला चष्मा काढावा लागला. पण लग्नाला माणूस असा लोटला की मांडवाची एक कनात सोडून द्यावी लागली. "बघा मास्तर," आचाऱ्याच्या भट्टीजवळ घाम पुसत ते मला म्हणाले, "जितकी नावं, तितकी माणसं!" तिथंच माझा घात झाला.

मास्तर म्हणजे मी. नव्याण्णव साली जळगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि त्यात इंटरनेट होतं, म्हणजे लागलं तर लागायचं. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. मी त्यांना आबा म्हणायचो. त्यांचे सख्खे थोरले बंधू नाना, त्यांचं तसंच दुकान धुळ्याला. पूर्वी दोघांचं मिळून एकच होतं. पाटीवर नाव वर कोणाचं यावरून बिनसलं, आबा तडक जळगावला आले, आणि बारा वर्षं भावाभावांत शब्द नाही. एवढ्या अवाढव्य पत्रिकेत काय ते एकच नाव नव्हतं. नानांचं!

एक दिवस दुपारी आबा क्लासमध्ये धापा टाकत आले. "नाना इंटरनेटवर आला म्हणतात. दाखवा." मी सर्चमध्ये शिलाई मशीनचे भाग, खानदेश असं इंग्रजीत टाकलं. पहिल्याच नंबरावर नाना. साइट कसली, तीन पानं, पण नीटनेटकी. आबांनी स्टूल ओढलं. "मास्तर, तिथंही त्याचंच नाव वर? मला त्याच्या वर बसवा. किती पानं लागतील?"

किती लागतात ते मलाच कुठं ठाऊक होतं! आबांनी मात्र पत्रिकेचा हिशेब लावला. नऊ नंबरच्या सुईला एक पान, अकराला एक, चौदाला एक. मजकूर तोच, नुसता आकडा बदलायचा. मग बॉबिन, शटल, चामडी पट्टा, तेलाची कुपी. माल संपला तेव्हा नातेवाईक काढले. 'श्रीमती अमुक, साक्री, आमच्याकडचीच सुई वापरतात' असं म्हणून साक्रीच्या मावशींचं स्वतंत्र पान झालं. मावशींनी उभ्या जन्मात सुई हातात धरली नव्हती. विद्यार्थी ताटकळत बसायचे आणि मी आबांची आतेभावंडं टाइप करायचो. अकराशे पानं झाली. सर्च केलं, तर पहिल्या नंबरावर नाना आणि आबांचा पत्ता नाही.

"अहो आबा," शेवटी मी वैतागलो, "सर्चवाला काय पंगतीतली ताटं मोजत बसतो का? एकच गोष्ट अकराशेदा सांगितली तर तो एकदा ऐकतो नि उठून जातो. पानात काहीतरी पाहिजे ना!"

"मग अजून शंभर टाका," आबा म्हणाले.

पण नावंच उरली नव्हती. दोन दिवस ते फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते डोळे बारीक करून. "नानाच्या नावाचं पान काढा. लोक त्याला शोधायला जातील, सापडेन मी!" असा बिलंदर विचार इतक्या सरळ माणसाला कसा सुचला देव जाणे. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो. "सांगा, काय लिहू?"

"लिहा... मोठा भाऊ." आणि मग ते थांबेचनात. धागा तुटत असेल तर मशीनला दोष देऊ नकोस, आधी सुई उलटी बसली नाही ना ते बघ, हे नानानं शिकवलं. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून शटल कुठं घासतंय ते नाना सांगतो. नाना, नाना, नाना! लहानपणी आबांच्या बोटातून सुई आरपार गेली, तेव्हा नानानं चाक हळूच उलटं फिरवून बोट सोडवलं आणि त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत गेला. "अनवाणी," आबा म्हणाले, "तेपण लिहा." दोन तास ते सांगत होते आणि मी इंग्रजी करून टाइप करत होतो.

दीड-दोन महिन्यांनी सहज पाहिलं आणि ओरडलोच. पहिल्या नंबरावर आबांचं ते पान आणि त्याच्या खाली नाना! मशीन बिघडलेली माणसं कुठून कुठून येऊन ते पान वाचत होती. मी आबांना बोलावून घेतलं, पेढेही मागवले.

आबांनी पडद्याकडे पाहिलं. पेढा हातातच राहिला. "हे मी वर, अन् खाली नाना?"

"मग! जिंकलात की!"

"मास्तर, तो मोठा शे. त्याले वर करा."

"ते माझ्या हातात नसतं आबा. तुमचं पान काढून टाकू का? मग जातील वर."

"नको!" ते एकदम म्हणाले. मग बराच वेळ अंगठ्यानं बोटावरचा जुना वण चोळत बसले. "फोन लागतो का हो इथून?"

लाइन एकच. मी इंटरनेट बंद केलं. आबांनी धुळ्याचा नंबर कुठंही न बघता फिरवला. पलीकडून नानांनी उचलला. नाव सांगायची हिंमत नाही, म्हणून गिऱ्हाइकासारखा आवाज काढून म्हणाले, "तुमच्याकडे अकरा नंबरची सुई आहे का?"

मग मला टेबलाच्या या बाजूला स्पष्ट ऐकू आलं, "जेवना का रे तू?" जेवलास का, एवढंच.

आबा रिसीव्हर कानाला धरून नुसती मान हलवत राहिले, जणू धुळ्याला दिसतंय. मी मुलांना घरी पाठवून दिलं आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो. माझेही डोळे भरून आले होते, आणि आबांनी ते पाहिलं असतं तर भुसावळपर्यंत बोभाटा केला असता.