साफ पाण्याचा पुरावा

आमच्याकडे गावाचं सांडपाणी रोज येतं आणि त्याच्या मागोमाग किस्सेही येतात. सांडपाणी निदान साफ करून नाल्यात सोडता येतं. किस्से मात्र साचत जातात, आणि त्यांना वास नसला तरी डोकं भणभणतंच! म्हणून आज थोडे सोडून देते.

गावाचं नाव विचारू नका, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. अकोला आणि अमरावतीच्या मध्ये कुठंतरी, एवढं पुरे. मूर्तिजापूरकडून या नाही तर दर्यापूरकडून, जीपमधले लोक आपोआप नाकाला रुमाल लावायला लागले की उतरा. डावीकडे सांडपाणी साफ करायचा प्लांट, उजवीकडे कचरा डेपो, मध्ये एक कडुनिंब आणि त्याच्याखाली माझी लॅब. मी केमिस्ट. पाणी तपासते आणि रिपोर्टवर सही करते. आईला अजून वाटतं की मी पाणीपुरवठ्यात आहे. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

*

रुजू झाले त्या दिवशी मी तपासणीचं रजिस्टर उघडलं. साफ केलेल्या पाण्यात किती घाण उरली, त्याचा आकडा त्यात रोज लिहायचा असतो. माझ्या आधीच्या केमिस्टनी दोन वर्षं रोज एकच आकडा लिहिला होता. नऊ पॉइंट आठ! पावसाळ्यात नऊ पॉइंट आठ, उन्हाळ्यात नऊ पॉइंट आठ. मोटर जळून प्लांट आठवडाभर बंद होता, त्या आठवड्यातसुद्धा नऊ पॉइंट आठ!

पान उलटलं, तर पुढचा महिनाही भरून ठेवलेला.

मी रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे नगरपालिकेचे इंजिनिअर. म्हटलं, "सर, हा तर पुढचा महिना आहे. याचं मी काय करू?"

साहेबांनी चष्मा वर केला, पान पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हा झालाच आहे. तुम्ही त्याच्या पुढचा घ्या!"

मी तो सगळा महिना लाल शाईनं खोडला आणि खरे आकडे लिहायला लागले. नऊ पॉइंट आठ होतं तोवर वरच्या ऑफिसातून कुणी फोनसुद्धा केला नव्हता. खरे आकडे गेले आणि महिन्याभरात नोटीस आली! रोज साफ पाणी सोडता हे सहा महिन्यांत सिद्ध करा, नाही तर हा प्लांट बंद. मग नव्या प्लांटचा प्रस्ताव, आणि नवा बांधून होईपर्यंत गावाचं सांडपाणी थेट नाल्यात. शिवाय ठेकेदाराकडचे आम्ही नऊ जण घरी.

आमचे ऑपरेटर सुधाकरभाऊ. प्लांट सुरू झाला त्या दिवसापासून इथं आहेत, कुठला पंप कुठल्या दिवशी कण्हतो ते त्यांना घरच्या माणसासारखं माहीत. त्यांनी नोटीस तीनदा वाचली. मग माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "म्याडम, पानी साफ करनं माह्याकडं लागलं. पन साफ झालं हे लोकाइले पटवनं तुमच्याकडं."

मला वाटलं, सोपं काम माझ्या वाट्याला आलं!

*

सांडपाणी माणसं साफ करत नाहीत. टाकीतले जिवाणू घाण खातात, आपण फक्त त्यांना हवा द्यायची. आमचे जिवाणू त्या बंद आठवड्यात मेले होते. नवे वाढवायला शेण आणि गूळ लागतो. शेण सुधाकरभाऊंनी घरच्या म्हशींचं आणलं. गूळ नगरपालिकेनं दिला, आणि तिथंच घात झाला.

सभेत एक सदस्य उभे राहिले. "प्लांटवर एवढा गूळ कोनं खाल्ला?"

मी म्हटलं, "जिवाणूंनी."

सभागृह असं हसलं की मला माझ्या डिग्रीची शंका आली. सदस्य म्हणाले, "बरं, मंग त्याइची हजेरी कोन घेते?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः चौकशीला आले, पांढऱ्या कपड्यांत, नाकाला रुमाल. मी टाकीतल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोप पुढे केला. त्यांनी एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं. खाली जिवाणूंची गर्दी उसळलेली. ते वर न बघताच म्हणाले, "हे तं निस्ते इकून तिकडं फिरून राहिले! काम कोन करते?"

सुधाकरभाऊ म्हणाले, "नगरपालिकेचेच हायेत ते, भाऊ!"

त्यानंतर गुळाचा विषय सभेत निघाला नाही.

*

सुधाकरभाऊ जिवाणूंना 'जनावरं' म्हणतात. "आज जनावरं चांगले हायेत, म्याडम." "जनावराइनं काल नीट खाल्लं नाही." मलाही सवय झाली आहे.

एका दुपारी लाइन गेली. लाइन गेली की ब्लोअर बंद, ब्लोअर बंद की टाकीतली हवा बंद, आणि काही तासांत सगळे गुदमरतात. जनरेटर होता, पण त्याला लाल फीत बांधलेली होती. उद्घाटन व्हायचं होतं! पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती आणि फीत कापायची हिंमत साहेबांत नव्हती.

सुधाकरभाऊंनी वीज ऑफिसला फोन लावला. आवाज अगदी रडवेला. "भाऊ, लौकर या! माहे जनावरं मरून राहिले अथी!"

एरवी संध्याकाळपर्यंत न येणारे दोन लाइनमन वीस मिनिटांत मोटरसायकलवर हजर. हातात दोरखंड, लाकडी दांडा. "कुठं हायेत जनावरं?"

सुधाकरभाऊंनी टाकीकडे बोट दाखवलं. त्यातल्या एकानं कठड्यावरून वाकून त्या तपकिरी पाण्याकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "सगळे बुडाले?"

खरं समजल्यावर तो जो भडकला! पण आलाच होता, म्हणून खांबावर चढून फ्यूज टाकून गेला. आमचे जिवाणू वाचले. जनरेटरची फीत पुढं महिनाभरानं कापली, आणि त्या दिवशी त्यात डिझेल नव्हतं.

*

आता कंपाउंडाच्या उजव्या बाजूचं ऐका. घंटागाडीवर रामेश्वर नावाचा ड्रायव्हर आहे. मनाचा भला, पण त्याला कोणतीही गोष्ट पटवून सांगता येते असा त्याचा समज आहे.

एका कॉलनीत रिटायर शिक्षिका देशमुख बाई राहतात. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. भाजीच्या जुडीचा दोरासुद्धा सोडून निळ्या बादलीत! दोन वर्षं त्यांचा हा नेम. एक दिवस आपल्या कचऱ्याचं पुढं काय होतं ते पाहायला त्या रिक्षा करून डेपोवर आल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर रामेश्वरनं गाडी उलटी केली आणि ओला, सुका, सगळा एकाच ढिगावर!

बाई अशा आवाजात ओरडल्या की मी लॅबमधून पळत बाहेर आले. "रामेश्वर! अरे, मग आम्ही वेगळा करून देतो कशाला?"

रामेश्वर अजिबात गडबडला नाही. "बाई, तुमी अलग करून देता, तवाच तं आमाले बराबर मिक्स करता येते!"

बाईंनी तिथंच शनिवार ठरवून टाकला. त्या दर शनिवारी यायला लागल्या. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर स्वेटरचं विणकाम, नजर ढिगावर. त्या स्वेटरची दुसरी बाही होईपर्यंत ओल्या कचऱ्याचा वेगळा खड्डा सुरू झाला होता. साहेब अजूनही तो आपल्या कारकिर्दीतला निर्णय म्हणून सांगतात.

*

मासे हीसुद्धा साहेबांचीच कल्पना. त्यांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या प्लांटवर पाहिलं होतं, साफ केलेल्या पाण्यात मासे सोडलेले. पाहुण्यांना पुरावा! नोटिशीची मुदत संपायला तीन महिने उरले होते आणि माझे रिपोर्ट कुणी वाचत नव्हतं, म्हणून मीही हो म्हटलं.

शेवटच्या टाकीत मासे सोडले, संध्याकाळपर्यंत मेले. कारण त्या टाकीत आम्ही क्लोरीन टाकतो. मी सांगितलं, क्लोरीनच्या आधीचं पाणी घेऊ. साहेब म्हणाले, "कशाला रिस्क? गेटवर काचेची पेटी ठेवू आणि बोअरचं पाणी भरू. पाहुण्यांना काय कळतं?"

बोअरचं पाणी भरलं. तेही मासे मेले. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला! बोअरचं पाणी इतकं खारं की त्यानं अंघोळ केली तर अंगावर पांढरं उमटतं. साहेबांनी त्या पेटीसाठी तीनदा मासे आणले, तिन्ही वेळा मेले. शेवटी सुधाकरभाऊंनी कुणाला न विचारता पेटीत आपल्या प्लांटचं पाणी भरलं, क्लोरीनच्या आधीचं, आणि नवे मासे सोडले. मासे जगले! एवढंच नाही, चांगले जाडजूड झाले.

पुढच्या आठवड्यात एक पाहुणे आले. पेटीसमोर उभे राहिले, मासे पाहिले आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारून हसले. "काहून फसवता राजेहो? हे बोअरचं पानी होय!"

सुधाकरभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. "साहेब, बोअरच्या पान्यात तीनदा मेले ना जी ते!" पण पाहुणे तोवर चहाकडे वळले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण हरणार. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नव्हते आणि इतकं खोटं कधी ठरले नव्हते.

*

सहा महिने संपले त्या दिवशी वरच्या ऑफिसातून तपासणीच्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात साधे बूट, बरोबर फक्त ड्रायव्हर. हार नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या. सगळ्या टाक्यांवरून चालल्या. स्वतःच्या बाटलीत स्वतः पाणी भरलं, उन्हात धरून पाहिलं. नितळ!

मी सहा महिन्यांची फाइल पुढे केली. रोजचा आकडा, रोजची सही. त्यांनी ती बंदच ठेवली.

"पाणी आज साफ आहे," त्या म्हणाल्या. "मी येणार हे तुम्हाला माहीत होतं. जिथं जाते तिथं त्या दिवशी साफच असतं. मला मधले सहा महिने कोण दाखवणार?"

"फाइलमध्ये आहे ना, मॅडम."

"अशा फाइली माझ्याकडे कपाटभर आहेत. तुमच्याच प्लांटची नऊ पॉइंट आठवाली पण आहे."

सुधाकरभाऊ पंपावर हात ठेवून उभे होते. मला रडू फुटेल असं वाटायला लागलं, म्हणून मी कडुनिंबाकडे बघत राहिले.

तेवढ्यात गेटवर आरडाओरडा. बबनमामा आले होते, सुधाकरभाऊंचे सख्खे मामा. नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा. पालक, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. नाल्यावर इंजिन लावून पाणी घेतात आणि तो पालक आख्खं गाव खातं, आम्हीसुद्धा. साहेबांनी घाईघाईनं रामेश्वरला खूण केली, याला बाहेर काढ. पण मामा रामेश्वरच्या हाताखालून आत!

"मोठ्या म्याडम तुमीच ना? माहा अर्ज घ्या. हा प्लांट बंद करा!"

साहेब मध्ये पडले. "मॅडम, हा नेहमीचाच आहे, तुम्ही..."

"बोलू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या.

"पहिले पानी कसं काळंभोर यायचं, म्याडम! खताची एक गोनी घ्याचं काम नव्हतं. आता सा महिने झाले, निस्तं नळावानी पानी. काही दमच नाही त्यात! पालक पिवळा पडून राहिला, सांबाराले वाढ नाही. कोनं सांगतलं याइले पानी साफ कराले?"

मॅडमनी पेन काढलं. "रोज असंच येतं? मध्ये एखाद्या दिवशी पूर्वीसारखं?"

"एक दिवस नाही! सकाऊन पाहा, संध्याकाळी पाहा, सारखंच! म्या या सुधाकरले हात जोडले. म्हनलं, भाच्या, हप्त्यातून एक दिवस तं सोड पहिल्यावानी. सख्खा मामा हावो मी त्याचा! पन नाही सोडलं या मानसानं!"

"हे तुम्ही आधी कुणाला लिहून दिलं होतं?"

"दर महिन्याले देतो! हा सहावा अर्ज. हे साहेब घेतात आनि टेबलाच्या खनात टाकतात."

मॅडमनी साहेबांकडे नुसतं पाहिलं. साहेब ऑफिसात गेले आणि खणातून पाच अर्ज घेऊन आले, पाचही घडी न उघडलेले. मॅडम कठड्यावर बसल्या. सहाही अर्ज तारखेप्रमाणे लावले, एकेक करून पूर्ण वाचले, प्रत्येकावर मामांची पुन्हा सही घेतली. मग माझी फाइल मला परत दिली, अर्ज आपल्या बॅगेत ठेवले आणि गाडीत बसल्या.

गाडी गेली. मामा विजयी मुद्रेनं भाच्याकडे वळले. "पाह्यलं? सा महिन्यात पहिल्यांदा कोनं तरी माहे अर्ज वाचले. आता तुमचा प्लांट बंद झालाच समज!"

सुधाकरभाऊंचे डोळे भरून आले होते. ते पुढे गेले, वाकले आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मामांनी झटकन पाय मागे घेतले.

"आता पाया पडून काही फायदा नाही, भाच्या. अर्ज गेले!"